परत कोण?

धाकटी : ओढत नाहीये मी, बाई. नुसता हात लावला.

बाई : तू हात लावलास आणि तो भिंतीला चिकटला. सोड त्याला. मान कशी आत घेतलीय बघ. आणखी एकदा धरलंस तर स्वतःचंच मनगट चावेल, मग रक्त पुसत बस.

धाकटी : मग काय करू? बाहेर गाडी उभी आहे. गाडीत आई आहे. ड्रायव्हर दोनदा येऊन गेला. स्मशानातली वेळ ठरलेली आहे, ती काही माझ्यासाठी थांबणार नाही. आणि हा इथं खिळा ठोकल्यासारखा बसलाय, पिशवी मांडीवर घेऊन.

दादा : आई येणार.

धाकटी : दादा, अरे किती वेळा सांगू? आई गेली.

दादा : गेली. येणार.

धाकटी : ऐकलंत? गेलेला माणूस परत येतोच, हे तुम्ही शिकवलंत त्याला. तुमच्या या केंद्रानं. चाळीस वर्षं घोटून घेतलंत.

बाई : शिकवलं. मग काय, गेलेला माणूस परत येत नाही असं शिकवायचं? पाच-सहा वर्षांच्या पोरांना? दारातून आई वळली की ऊर फुटेपर्यंत रडायची ती. मी सकाळी इथंच होते. केंद्र आजपासून बंद, शेवटचा दिवस म्हणून पुतण्यानं मला आणून सोडलं होतं, चहा-बिस्किटांचा निरोप होता ना. हा आला आईचा हात धरून. दारात थांबला आणि रोजच्यासारखं विचारलं, "परत कोण?" ती म्हणाली, "मी." मग यानं हात सोडला आणि आत येऊन बसला. ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेली, पायरीवर टेकली, ती टेकलीच. यात याचं काय चुकलं?

धाकटी : चुकलं कोण म्हणतंय? मी बसमधून उतरते तोवर फोन. उद्यासाठी म्हणून आले होते मी. उद्या आम्ही दोघी मिळून याला त्या मोठ्या संस्थेत कायमचं राहायला पोचवणार होतो. तिची हिंमत होत नव्हती एकटीनं न्यायची. "तू ये," म्हणाली, "तू असलीस म्हणजे मला रडता येणार नाही."

बाई : असं म्हणाली?

धाकटी : तिचं माझ्याशी बोलणं असंच असायचं. तू असलीस म्हणजे मला अमुक करता येईल, तमुक करता येणार नाही. जाऊ दे. बाकीची मुलं कुठायत?

बाई : गेली. ज्याचा त्याचा माणूस आला आणि घेऊन गेला. मुलं म्हणायचं आपलं. एकीला चष्मा लागलाय, एकाचे सगळे दात पडलेत. पण मुलंच. शेवटी सहा उरली होती. या हॉलमध्ये एके काळी पाय ठेवायला जागा नसायची, माहीत आहे ना तुला?

धाकटी : मला नका सांगू. मी त्या खिडकीखाली बसून गृहपाठ केलेत. माझ्या वह्यांना इथल्या मेणबत्त्यांच्या मेणाचा वास यायचा. शाळेतल्या मुली नाक धरायच्या.

बाई : मेणबत्त्या नंतर आल्या. पोरांना काम म्हणून आधी लिफाफे करायला दिले, मग फडकी शिवायला, मग मेणबत्त्या. लिफाफे बंद केले कारण पोरं डिंक खायची.

धाकटी : बाई, तो चावीवाला आलाय. कंत्राटदाराचा, इमारत ताब्यात घ्यायला. फाटकाशी उभा राहून तंबाखू मळतोय आणि माझ्याकडे असा बघतोय, जणू मीच त्याचं घोडं अडवलंय.

बाई : मळू दे. चावी माझ्या पोलक्यात आहे. हात घालायची त्याची छाती होणार नाही.

धाकटी : तुम्हाला हसू कसं येतं?

बाई : येत नाही गं. सवयीनं तोंड वाकडं होतं. तू इतक्या दिवसांनी आलीस, तुला वाटणार ही म्हातारी दगड आहे. आहेच. माझा मुलगा याच बाकावर, याच्या शेजारी बसायचा. तो गेला तेव्हा मी काय म्हणाले होते ठाऊक आहे? "बरं झालं, माझ्याआधी गेला." अशी आई बघितलीस कधी? आम्ही सगळ्याच तशा. आमचं एकच मागणं असायचं. देवा, मला त्याच्यापेक्षा एक दिवस जास्त दे. लाखो नकोत, बंगला नको. एक दिवस. माझं ऐकलं त्यानं. तुझ्या आईचं ऐकलं नाही.

धाकटी : मलाही सांगायची ती. आणि वर म्हणायची, "नाहीतर तू आहेसच."

दादा : आई येणार. बूट नाही.

बाई : नको घालूस रे राजा बूट. बस. कुणी घाई करत नाही तुला.

धाकटी : मी करतेय घाई! माझी आई त्या गाडीत उन्हात पडलीय! बाई, दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, एक इंजेक्शन दिलं की शांत होईल. दोन माणसं आहेत गाडीबरोबर. उचलून ठेवू आत. त्याला काही समजायच्या आत सगळं उरकेल. शेवटचं बघायला तरी मिळेल त्याला.

बाई : गुंगीत काय बघणार?

धाकटी : निदान मी म्हणेन की तो होता.

बाई : म्हणजे तुझ्यासाठी.

धाकटी : हो, माझ्यासाठी! माझ्यासाठी कधीतरी काहीतरी होऊ दे की!

बाई : ओरडू नकोस. कान झाकले बघ त्यानं. तुला टकटक्या आठवतो? टेबल, भिंत, ताटली, दिसेल त्यावर टकटक करायचा.

धाकटी : माझ्या डोक्यावर करायचा. हो.

बाई : त्याचा बाप गेला तेव्हा असंच झालं. बसून राहिला. मी गावाला गेले होते, इथं नवी माणसं. दोघांनी धरला, हातपाय झाडत होता तसा जीपमध्ये टाकला आणि संस्थेत नेऊन सोडला. मी बघायला गेले त्याला. खायला घातलं तर खात होता, बसवलं तर बसत होता. पण दोन्ही मुठी बंद. अशा घट्ट, की नखं तळव्यात वाढली. डॉक्टरनं मुठी उघडून नखं कापायची आणि त्यानं पुन्हा मिटायच्या. पुढं कुणाच्या हातात हात दिला नाही त्यानं. टकटक तर नाहीच.

धाकटी : कुठली संस्था?

बाई : तीच. जिथं तू उद्या याला नेणार होतीस.

धाकटी : आईला माहीत होतं हे?

बाई : तीच माझ्याबरोबर आली होती त्याला भेटायला.

धाकटी : आणि तरी ती तयार झाली.

बाई : केंद्र बंद होतंय म्हटल्यावर काय करणार? दिवसभर घरी कोण सांभाळणार त्याला, तिचे गुडघे गेलेले. आम्हाला काय कुणी विचारून बंद केलं? वरून नवी माणसं आली, चांगले कपडे, गोड बोलणं. म्हणाली, आता अशी वेगळी केंद्रं जुनी झाली, आता सगळी मुलं सगळ्यांबरोबर शिकणार. मी म्हटलं, सोन्याहून पिवळं. आम्ही कुठं हौसेनं वेगळं बसवलं होतं? तुमच्याच शाळांनी हाकललं म्हणून बसवलं. लहान मुलं गेली शाळांत. काही रमली, काही महिन्याभरात घरी बसली, त्यांचं कुणी विचारलं नाही. आणि ही मोठी उरली. यांना कुठल्या शाळेत घालणार? पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणून मी गप्प बसायची ती बसले. तिथं बसायला नको होतं.

धाकटी : शाळेनं हाकललं ते आई सांगायची. हेडमास्तर म्हणाला होता, बाकीच्या मुलांवर परिणाम होईल.

बाई : तो बरा. डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं का तिनं?

धाकटी : ते मला न सांगता कसं चालेल? "याला विसरा आणि दुसरं होऊ द्या." ते दुसरं मी. डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध. माझ्या बारशाच्या आधी माझी नेमणूक झाली, बाई. आमच्यामागे याला बघायला कोणीतरी हवं. लोकांची मुलं मोठी होऊन शिक्षक होतात, शिवणकाम करतात. मी जन्मताच पहारेकरी.

बाई : म्हणून पळालीस.

धाकटी : पळाले. आणि काय बाजी मारली? काचेच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहते, बाटल्या पुढून जातात, तडा गेलेली दिसली की बाजूला काढायची. दिवसभर तेच. कधी कधी वाटतं, त्या डॉक्टरचंच काम करतेय मी.

बाई : नवरा कसा आहे?

धाकटी : वाईट नाही. पण त्यानं स्पष्ट सांगितलंय. दोन खोल्या, त्यात त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं मीच करते, कामावरून आल्यावर. "तुझ्या भावाला आणलंस तर मी ना म्हणणार नाही," म्हणाला, "पण मी इथं राहणार नाही." ना म्हणणार नाही! बघा काय चांगुलपणा.

दादा : पिशवी.

धाकटी : काय रे? पिशवी आहे ना तुझ्याकडे. मांडीवर आहे बघ.

बाई : पिशवीचं नाही, तुझं म्हणतोय तो. हाक मारली त्यानं तुला.

धाकटी : अजून आठवतं याला?

बाई : मला शिट्टी म्हणतो. मी शाळेतली नोकरी सोडून आले तेव्हा गळ्यात शिट्टी असायची, तिला किती वर्षं झाली. पण शिट्टीच. तुला पिशवी का म्हणतो, ते मात्र मला माहीत नाही.

धाकटी : मला माहीत आहे ना. आई आम्हाला घेऊन निघायची. उजव्या हातात याचा हात. तो सुटायचा नाही, काही झालं तरी. डाव्या हातात पिशवी, त्यात याचे कपडे, याचा डबा, याचा टॉवेल. मग मी कुठं धरायचं? म्हणायची, "तू शहाणी ना? तू पिशवी धर." पिशवीचा एक बंद तिच्याकडे, एक माझ्याकडे. तशी चालले मी. पाऊस, ऊन, बाजार, दवाखाना, रस्ता ओलांडताना गाड्या अशा अंगावर यायच्या, तरी पिशवीच धरून. आईचा हात कसा लागतो ते मला आज दवाखान्यात कळलं. तेव्हा तो गार झाला होता.

बाई : तिला दोनच हात होते गं.

धाकटी : माहीत आहे मला! हेच ऐकत मोठी झाले. आणि कुणी केला हा नियम? एका मुलाचा एकच हात. तुम्हीच ना? घरातसुद्धा हाच कायदा. मी याचा हात धरू का विचारलं तर आई म्हणायची, "नको, बाई म्हणाल्यात एकानंच धरायचा."

बाई : का केला, ते कधी विचारलंस तिला?

धाकटी : नाही.

बाई : मग ऐक. तेव्हा ही इमारत नव्हती. लाकडाच्या वखारीमागं एक पत्र्याची शेड होती. आम्ही चौघी आया, तुझी आई धरून. एकीनं सतरंजी आणली, एकीनं माठ, मी फळा आणला शाळेतून, सरळ सांगायचं तर चोरून. त्या वखारवाल्यानं जागा दिली, कारण त्याची बायको घरी एक पोर कोंडून ठेवायची, त्याची सोय झाली. ती सगळीच कोंडलेली पोरं होती. काहींना बाहेरचा उजेड सोसायचा नाही. आम्ही त्यांना पहिलं काय शिकवलं असेल? ऐकायला. कुणी "चल" म्हणालं की चालायचं, "बस" म्हणालं की बसायचं. फार कष्टानं शिकवलं. लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, वा, किती शहाणी झाली हो. आम्ही फुगून जायचो.

धाकटी : मग?

बाई : एक मुलगी होती. गाणारी म्हणायचो. शब्द यायचे नाहीत, पण सूर लागायचा. कुणीतरी माणूस आला. शेडच्या दारात उभा राहिला आणि "चल" म्हणाला.

धाकटी : आणि ती गेली.

बाई : शहाण्यासारखी गेली. आम्ही शिकवलं होतं तशी. उठून, चप्पल घालून, त्याचा हात धरून. पलीकडच्या बाकावर तुझा भाऊ होता. त्यानं पाहिलं. दोन दिवसांनी कालव्यात सापडली. बाकीचं विचारू नकोस, मी तिला आंघोळ घातलीय.

धाकटी : आईनं हे कधीच...

बाई : कुणीच कधी नाही सांगितलं. त्या दिवशी आम्ही चौघींनी ठरवलं. कुणाच्याही "चल"वर उठायचं नाही. ज्याचा त्याचा एक माणूस. त्यानं विचारायचं, "परत कोण?" आणि ज्याचा हात त्यानं म्हणायचं, "मी." जो म्हणाला त्यानंच यायचं, ताप असो, वादळ असो. संध्याकाळी फाटकातून निघताना दुसरा प्रश्न, "उद्या कोण?" पुन्हा "मी." बोलता येत नाही ती पोरं बोट दाखवायची. आणि मोठ्यांनी खोटं बोलायचं नाही. एवढंच आमचं शिक्षण. अनुदान आलं, तपासणीला साहेब आले, तक्ते आले, प्रगतिपुस्तकं आली. ती आम्ही भरली. पण आतून केंद्र या दोन प्रश्नांवर चाललं. त्यानंतर एकही मूल हरवलं नाही इथून. एकही नाही.

धाकटी : आणि "मी" म्हणणारा मेला तर? त्याचं काय ठरवलंत तुम्ही चौघींनी?

बाई : ठरवलं होतं. हात बदलायचा. कुणी आजारी पडलं, थकलं की ज्याचा हात त्यानं आपल्या हातानं मुलाचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा. सगळ्यांसमोर. मग मूल नव्या माणसाला दोन्ही प्रश्न विचारणार, आणि उत्तरं मिळाली की झालं. आठवडाभर कुरकुर करायची, मग जमायचं. तुझ्या आईला मी गेल्या हिवाळ्यापासून सांगत होते, आता हात बदल. म्हणायची, "कुणाच्या हातात देऊ?"

धाकटी : मी नव्हते का?

बाई : तू होतीस का?

धाकटी : टोचा, बाई. तुम्हीही टोचा.

बाई : टोचून बोलायचं नव्हतं मला. तीच म्हणायची, "धाकटीला विचारणार नाही. तिच्या वाट्याला पिशवी आली तेवढी पुरे."

धाकटी : असं म्हणाली? नक्की? की तुम्ही आत्ता माझ्यासाठी...

बाई : मोठ्यांनी खोटं बोलायचं नाही, आत्ताच सांगितलं ना.

दादा : परत आई.

धाकटी : बाई, तुम्हीच का नाही घेत त्याचा हात? तुम्हाला ओळखतो तो.

बाई : हे बघ, हा वॉकर. पुतणसुनेनं उठवलं तर उठते मी, बसवलं तर बसते. मी याला "उद्या मी" म्हणू? उद्याचा सूर्य माझ्या हिशेबात आहे की नाही तेही मला माहीत नाही.

धाकटी : मग राहिली मी.

बाई : तुला मी म्हणणार नाही. तुझ्या आईनं म्हटलं नाही, मी कोण?

धाकटी : आणि हात तिनंच द्यायला हवा?

बाई : ज्याचा हात त्यानंच.

धाकटी : मग देऊ दे तिला. ती बाहेर आहे. इथून तीस पावलांवर आहे. आणते मी तिला आत.

बाई : पोरी...

धाकटी : का? उतार आहे ना दाराला? चाकांच्या खुर्च्यांसाठी बांधलाय ना? त्याच्या विटा तिनंच वाहिल्यात, मी मोजायला होते. एकदा तरी तिला त्यावरून येऊ दे. चावीवाल्याला म्हणावं, मळ तंबाखू अजून.

(दोन माणसं स्ट्रेचर उतारावरून आत आणतात, बाकाशेजारी ठेवतात आणि बाहेर जाऊन थांबतात. धाकटी तोंडावरची चादर खाली घेते.)

दादा : आई आली.

बाई : हो रे. आली.

दादा : झोपली.

धाकटी : झोपली नाही, दादा. ती...

बाई : सांगू नकोस. हात लावू दे त्याला. त्याचं त्याला कळू दे.

दादा : गार.

धाकटी : फुंकर घालतोय. थंडीत ती याच्या हातांवर घालायची तशी. दादा, अरे नको. नाही होणार गरम ती. बाई, थांबवा ना त्याला, मला बघवत नाही.

बाई : मग खिडकीकडे बघ. घालू दे त्याला फुंकर.

दादा : गार. गार. पारवा.

धाकटी : काय म्हणाला?

बाई : पारवा. खिडकीच्या काचेवर एक पारवा आपटून मेला होता, खूप वर्षं झाली. सगळ्या मुलांनी हातात घेऊन पाहिला, मग नळाजवळ खड्डा खणून पुरला. त्याला कळलं, पोरी. ज्या कामाला तुझे डॉक्टर आणि इंजेक्शनं लागली असती ते त्या पारव्यानं केलं.

दादा : आई पारवा.

बाई : हो राजा.

दादा : उठणार नाही.

बाई : नाही उठणार.

दादा : परत कोण?

धाकटी : बाई, विचारलं त्यानं.

बाई : ये इकडे. इथं गुडघ्यावर बस. तुझा हात असा उघडा धर, तळवा वर. आता हा आईचा हात, मी उचलते. जड झालाय. अगं, केवढा जड झालाय. हं. बघ दादा, आई तुझा हात घेतेय. बघितलंस? आणि आई तो देतेय. हिच्या हातात. पिशवीच्या हातात. विचार आता.

दादा : परत कोण?

धाकटी : मी.

दादा : पिशवी.

धाकटी : हो. मी. पिशवी. आज मी नेणार तुला. आईबरोबर जायचं आपण, आणि परत मी आणणार. धरला, बाई. धरला त्यानं माझा हात! किती गरम आहे हो याचा हात. एवढा गरम असतो, मला माहीतच नव्हतं.

बाई : रडू नकोस आत्ता. अजून एक आहे.

धाकटी : काय?

दादा : उद्या कोण?

धाकटी : दादा, आधी बूट घाल बघू. गाडी थांबलीय.

दादा : उद्या कोण?

धाकटी : बाई, तुम्ही तरी काहीतरी बोला.

बाई : मला नाही विचारलं त्यानं.

धाकटी : म्हणून टाकू का "मी"? आजचा दिवस निभावेल. उद्याचं उद्या बघू. एवढ्याशा खोट्यानं काय आभाळ कोसळणार आहे?

बाई : म्हण. मी कुणाला सांगायला जात नाही.

धाकटी : नाही निघत तोंडातून. अहो, तो बघतोय माझ्याकडे. सरळ बघतोय.

दादा : उद्या कोण?

धाकटी : मला माहीत नाही, दादा. खरंच माहीत नाही रे.

बाई : हात सोडला?

धाकटी : सोडला. झटकला नाही. हळूच काढून घेतला.

दादा : बूट.

बाई : बूट घालतोय. घातले. उठला बघ, आपणहून उठला. आईचा हात धरलाय त्यानं. त्या माणसांना हाक मार, म्हणावं स्ट्रेचर सावकाश उचला, तो बाजूनं चालेल गाडीपर्यंत.

धाकटी : आणि मी?

दादा : पिशवी. तू पिशवी धर.